कांदळवन, खाडी आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाडीत मासेमारी करणारे, खारजमिनीत भात घेणारे आणि खिडकीतून तिवरं दिसणाऱ्या नव्या सोसायट्यांमध्ये राहायला आलेले लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. उदाहरणं मुख्यतः ठाणे खाडी, रायगड आणि सिंधुदुर्गातली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे. कांदळवनाचं सगळं जगणं भरती-ओहोटीच्या पाण्यावर आहे. पाण्याची वाट मोकळी असेल तर हे जंगल स्वतःला सांभाळतं. ती अडली तर कितीही रोपं लावली तरी टिकत नाहीत.

कांदळवनात कोणती झाडं असतात?

जिथे दिवसातून दोनदा खारं पाणी येतं आणि जातं, अशा चिखलात वाढणाऱ्या झाडाझुडपांचं हे जंगल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्यांच्या सुमारे २० जाती आहेत. मुंबई-ठाण्याकडे सगळ्यालाच सरसकट तिवरं म्हणतात, कारण तिथे तिवरच सर्वांत जास्त. कोकणात खाली उतरू लागलं की विविधता वाढते. पाण्याच्या अगदी कडेला चिपी, खाडीच्या फाट्यांवर कमानीसारखी मुळं टाकून उभा असलेला कांदळ, मागे झुंबर, किरकिरी, काजळा, आणि काठाजवळ काटेरी पानांची, निळ्या-जांभळ्या फुलांची मारांडी. हुरा नावाचं एक झाड आहे, त्याची फांदी मोडू नका. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं.

पांढरी चिपी हे २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवन वृक्ष आहे. असा वेगळा वृक्ष जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

मुळं चिखलातून वर का आलेली असतात?

श्वास घ्यायला. खाडीच्या चिखलात बोटभर खाली गेलं की प्राणवायू जवळजवळ संपतो. त्या चिखलाचा काळा रंग आणि सडक्या अंड्यासारखा वास त्यामुळेच असतो. तिवराची आडवी पसरलेली मुळं म्हणून पेन्सिलीएवढ्या जाड मुळ्या सरळ वर काढतात. एका मोठ्या झाडाभोवती त्या हजारोंनी असतात. त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते. कांदळाची आधारमुळंही हेच काम करतात, शिवाय झाडाला मऊ चिखलात उभं धरतात. झुंबराची मुळं गुडघ्यासारखी वाकून वर येतात आणि पुन्हा खाली जातात.

हे समजलं की एक गोष्ट आपोआप कळते. तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. बांध घालून पाणी कोंडलं आणि ही मुळं सतत बुडालेली राहिली, किंवा त्यांच्यावर दोन फूट राडारोडा टाकला, की झाड उभ्या उभ्या मरतं. कुठे तोडल्याची खूण नाही, पण सगळं जंगल करड्या काटक्यांचं, असं दृश्य दिसलं तर आधी पाणी कुठे अडवलंय ते शोधा.

खाऱ्या पाण्यात ही झाडं तग कशी धरतात?

प्रत्येक जातीची रीत वेगळी. कांदळ बहुतेक सगळं मीठ मुळाशीच अडवतो. तिवर मीठ आत येऊ देतो आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी, दुपारच्या सुमारास तिवराचं पान उन्हात धरून बघा, बारीक पांढरे कण चमकतात. बोट फिरवून जिभेला लावलं की खारट लागतं. शाळेची मुलं एवढं एकदा करून बघतात आणि धडा कायमचा लक्षात राहतो.

पण मीठ सोसतात म्हणजे त्यांना मीठ लागतंच असं नाही. ही झाडं वाढतात सगळ्यांत छान ती नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे मिसळतं तिथे. वरच्या अंगाला धरण झालं, ओढे बुजवले, गोडं पाणी कमी झालं, तर त्याचा परिणाम खाली खाडीत दिसतो.

बी चिखलात रुजतं कसं? भरतीबरोबर वाहून जात नाही का?

कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. फांदीला लोंबणाऱ्या ज्या लांब हिरव्या शेंगा दिसतात, त्या शेंगा नसून तयार रोपं असतात. पिकली की सुटतात. ओहोटी असेल तर तिथेच चिखलात रोवली जातात. भरती असेल तर तरंगत जातात आणि मिळेल त्या काठाला लागून मूळ धरतात. तिवराचंही बी आतल्या आत रुजलेलं असतं, फक्त वरचं साल पाण्यात पडल्यावर सुटतं. पावसाळ्यात खाडीच्या काठावर तिवराच्या या बियांचा खच पडलेला असतो. म्हणजे जंगलाने आपली रोपवाटिका स्वतःच चालवलेली आहे. तिच्यापर्यंत पाणी पोचलं पाहिजे, एवढंच.

मासळीचा आणि कांदळवनाचा नेमका काय संबंध?

हा प्रश्न कोळीवाड्यात कुणी विचारत नाही, शहरात विचारतात. उत्तर सविस्तर देतो.

पानं गळतात, चिखलात कुजतात. चिखलातले खेकडे ती बिळात ओढून नेतात आणि कुरतडतात, बुरशी आणि जीवाणू उरलेल्याचा लगदा करतात. या लगद्यावर किडे, गोगलगायी, बारीक कोळंबी जगते आणि तिच्यावर माशांची पिल्लं. खेकड्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा आणि पाणी खेळतं, त्याचा फायदा पुन्हा झाडांनाच. मुळांच्या जाळीत मोठा मासा शिरू शकत नाही, म्हणून कोळंबी, बोय, शिंगाळा यांची पिल्लं तिथे वाढतात. मोठी झाली की खाडीच्या मुखाकडे आणि पुढे समुद्रात जातात. कालवं मुळांना आणि खडकांना चिकटतात, तिसऱ्या (शिंपल्या) चिखल-वाळूत असतात. ओहोटीला टोपली घेऊन त्या गोळा करणाऱ्या बायकांचं घर त्यावर चालतं. बाजारात महाग विकली जाणारी मोठी चिंबोरी तर कांदळवनाचंच लेकरू आहे.

निवटी बघायची असेल तर ओहोटीला काठावर पाच मिनिटं न हलता उभं राहा. आधी नुसता चिखल दिसतो. मग दोन वर आलेले डोळे दिसतात, मग कल्ल्याजवळच्या परांवर रेटा देत पुढे सरकणारा तो मासा. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवा घेत तो पाण्याबाहेर राहू शकतो. आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण आवडीने खातात. निवट्या कमी झाल्या की खाडीचं काहीतरी बिघडलंय हे तिथल्या जुन्या माणसांना कुठल्याही अहवालाआधी कळतं.

आणि जिताडा. रायगडात, विशेषतः पेण-अलिबागकडे, जिताड्याला पाहुणचारात जो मान आहे तो दुसऱ्या कुठल्या माशाला नाही. घराजवळच्या तळ्यात जिताडे पाळण्याची तिथली जुनी पद्धत आहे. हा मासा अंडी घालतो खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात. त्याची पिल्लं भरतीबरोबर आत येऊन कांदळवनात आणि खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या सखल खारजमिनीत, वाढतात. आयुष्याची सुरुवात तो नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे लहानपणी आसरा मिळाला नाही तर पुढे अंडी घालणारे मोठे मासेही मिळणार नाहीत. तळ्यात सोडायला खाडीतून पिल्लंच मिळेनात, ही तक्रार आता सर्रास ऐकू येते.

वादळात आणि पुरात कांदळवन खरंच वाचवतं का?

वाचवतं, पण किती आणि कशापासून हे नीट सांगायला हवं. वाऱ्याने उठणाऱ्या नेहमीच्या लाटांची उंची १०० मीटर रुंदीच्या कांदळवनातून जाताना १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होऊ शकते, असं अभ्यासांतून दिसलं आहे. चक्रीवादळाबरोबर समुद्र फुगून आत येतो तेव्हा मात्र १०० मीटर पुरत नाहीत. तिथे दर किलोमीटर रुंदीमागे पाण्याची पातळी ५ ते ५० सेंटिमीटर कमी होते. म्हणून काठाला चार झाडं शोभेला ठेवून मागे भराव टाकणं म्हणजे संरक्षण नव्हे, रुंदी लागते.

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा उरला होता, तिथे माणसं कमी दगावली होती.

मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या पुराबद्दल नेहमी विचारतात. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कुठल्याही जंगलाने अडवला नसता. पण मिठी नदीचा काठ आणि माहीमच्या खाडीभोवतीची पाणथळ जागा दशकानुदशकं भराव घालून आवळली गेली होती. पावसाच्या पाण्याला पसरायला जागा नव्हती आणि वरून भरती. त्या आवळण्याची किंमत लोकांनी भरली, असं आमचं स्पष्ट मत आहे. योगायोगाने २६ जुलै हाच युनेस्कोने ठरवलेला कांदळवन संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे.

फ्लेमिंगो कांदळवनात राहतात का?

नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. फ्लेमिंगो चरतात ते कांदळवनासमोरच्या उघड्या चिखलाच्या पट्ट्यावर. चोच उलटी धरून ते चिखल-पाण्यातलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातात. त्यांना लांबवर मोकळं दिसणारी जागा लागते, झाडीत ते उतरत नाहीत. कांदळवन मागे उभं राहून त्या चिखलाला अन्न पुरवतं आणि माणसांची वर्दळ दूर ठेवतं.

ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. त्यात जवळपास ९०० हेक्टर कांदळवन आहे, बाकी पाणी. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. भरती चढली की खाडीतला चिखल बुडतो आणि हे पक्षी नवी मुंबईतल्या पाणथळ तळ्यांवर जाऊन थांबतात. ती तळी अभयारण्याच्या नकाशाबाहेर आहेत म्हणून बुजवली, तर भरतीच्या वेळी पक्ष्यांनी जायचं कुठे?

पावसाळ्याच्या शेवटी तिवरं वाळलेली दिसतात. कुणी विष घातलं का?

बहुतेक वेळा नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान एका पतंगाच्या अळ्या तिवराची पानं फस्त करतात. हाच पतंग सागाचीही पानं खातो. ऐरोली, वाशी, ठाणे, विक्रोळीकडची मोठी मोठी जंगलं काही आठवड्यांत तपकिरी पडतात आणि लोक घाबरून फोन करतात. जवळ जाऊन पान बघा. नुसत्या शिरा उरल्या असतील, कोष लोंबत असतील, तर काम अळ्यांचं. पानं खाऊन त्यांनी टाकलेली विष्ठा चिखलाला खत म्हणून मिळते, पक्ष्यांना अळ्यांची मेजवानी होते आणि झाडं पुन्हा हिरवी होतात. फवारणी करू नका, करवून घेऊ नका. ते औषध उतरतं कोळंबीच्या पाण्यात.

मात्र आजूबाजूची मारांडी आणि इतर जातीही वाळल्या असतील, किंवा पाणी साचून राहिलं असेल, तर प्रकरण वेगळं. ते कळवायलाच हवं.

तिवरांमुळे डास होतात, मग ती काढून का टाकत नाहीत?

रोज दोनदा भरती-ओहोटी होणाऱ्या चिखलात पाणी थांबत नाही, आणि डबक्यात राहिलेल्या अळ्या माशांची पिल्लं खातात. डास होतात ते जिथे भराव, पाइपलाइन किंवा रस्ता घालून पाणी अडवलंय आणि वर सांडपाणी सोडलंय तिथे. शहरात मलेरिया पसरवणारा डास तर प्रामुख्याने टाक्यांमधल्या आणि बांधकामांवरच्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. सोसायटीने आधी गच्चीवरची टाकी तपासावी.

ठाणे खाडीत तर तिवरं वाढताना दिसतात. मग नष्ट होतायत असं का म्हणता?

दोन्ही खरं आहे. खाडीत गाळ आणि सांडपाणी येत राहतं, तळ उथळ होतो आणि त्या नव्या चिखलावर तिवर पुढे सरकतो. जमिनीच्या बाजूने मात्र भराव पुढे सरकतो. उपग्रहाच्या चित्रात एकूण हिरवा भाग तेवढाच दिसतो, कधी वाढलेलाही. पण जुनं, अनेक जातींचं जंगल गेलेलं असतं, त्या जागी एकट्या तिवराची नवी वाढ असते, आणि मधली खाडी तेवढी अरुंद झालेली असते.

देशाच्या २०२१ च्या वनस्थिती अहवालात भारतातलं कांदळवन ४,९९२ चौरस किलोमीटर नोंदलं आहे. त्यात पश्चिम बंगाल २,११४, गुजरात १,१७५, महाराष्ट्र ३२४ आणि गोवा २७. हे आकडे उपयोगाचे आहेत, पण चौरस किलोमीटरच्या आत काय आहे ते सांगत नाहीत.

कायदा काय सांगतो? माझ्या खासगी जमिनीतली तिवरं मी तोडू शकतो का?

नाही. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. रियाज छागला यांच्या खंडपीठाने निकाल दिला की कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. जमीन सरकारी असो वा खासगी, तोड, भराव आणि राडारोडा टाकण्याला बंदी आहे, आणि कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करता येत नाही. त्याआधी २००५ च्या अंतरिम आदेशापासूनच हे संरक्षण सुरू झालं होतं. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही कांदळवन सर्वांत कडक वर्गात येतं. राज्याच्या वन विभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे.

सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांना न्यायालयाच्या परवानगीने तोड करता येते. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २२ हजार झाडं तोडायला अशी परवानगी मिळाली.

आमची भातशेती होती. बांध फुटला, खाडीचं पाणी आलं, आता तिथे कांदळ उगवलंय. आमचं काय?

या प्रश्नात शेतकऱ्याची चूक नाही, हे आधी सांगायला हवं. पेण-अलिबागच्या खारेपाटात पिढ्यानपिढ्या बांध घालून खाडी बाहेर ठेवली आणि भात पिकवला. पूर्वी गाव मिळून दर वर्षी बांधाची डागडुजी करायचं. पुढे ही जबाबदारी सरकारकडे गेली, दुरुस्ती रखडली, उधाणाच्या भरतीला बांधांना खांडी (भगदाडं) पडल्या आणि शेतात खारं पाणी शिरलं. पाच-सात वर्षांत तिथे तिवर उभा राहिला आणि त्याबरोबर कायदाही. सातबारा शेतकऱ्याचा, पण नांगर घालता येत नाही.

कांदळवनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे दुःख बाजूला सारू नये. खांड पडली की लगेच, झाडं उगवण्याआधी, बांध दुरुस्त होणं हाच खरा उपाय आहे. म्हणून पहिल्याच उधाणानंतर खारभूमी विभागाकडे आणि तलाठ्याकडे लेखी तक्रार द्या, तारखेसह फोटो ठेवा. खारट जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती दिल्या आहेत. जिथे जंगल पक्कं झालंय तिथे वन विभागाच्या योजनेतून खेकडापालन किंवा कालवंपालन गटाने करता येतं. त्याने भाताची भरपाई पूर्ण होत नाही. ती मोबदल्याच्या रूपाने द्यायला हवी, असं आम्हाला वाटतं.

गोव्यातल्या खाजनांची रचना या बाबतीत बघण्यासारखी आहे. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडप, ठेवलेली असते. तिचं दार पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतं-मिटतं. बांधाच्या बाहेर कांदळवन ठेवतात, कारण तेच लाटांपासून बांध राखतं. आत भात, मानसीपाशी मासळी. शेत आणि जंगल तिथे एकमेकांच्या आधाराने राहिली.

आमच्या कंपनीला कांदळवनाची रोपं लावायची आहेत. कुठे लावू?

आधी विचारा की तिथे ती आपोआप का उगवली नाहीत. बियांचा खच दर पावसाळ्यात पडतोच. तरी जागा उघडी असेल तर दोनच शक्यता. एक, तिथे पाणी पोचत नाही किंवा साचतं. मग पैसे रोपांवर न घालता बुजलेली चरी उघडण्यावर, नको असलेला बांध काढण्यावर, राडारोडा उचलण्यावर घाला. पाणी खेळू लागलं की झाडं स्वतः येतात, आणि एकाऐवजी चार जातींची येतात. दुसरी शक्यता, ती जागा मुळात उघड्या चिखलाची आहे, पक्ष्यांची आणि तिसऱ्यांची. तिथे रोपं लावणं म्हणजे एक अधिवास मारून दुसरा दाखवणं. शिवाय भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी चढणाऱ्या, भरतीतसुद्धा बुडणाऱ्या चिखलात रोपं गुदमरून मरतात. फोटो निघतो, पुढच्या वर्षी काटक्या राहतात.

एका ठिकाणी तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात लांब दुसरीकडे लावण्याबद्दलही हेच. इथल्या गावाची चिंबोरी शंभर किलोमीटरवरच्या रोपांतून मिळत नाही.

कार्बन साठवण्यात कांदळवन पुढे आहे म्हणतात, ते खरं का?

हो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंद-प्रशांत प्रदेशाच्या अभ्यासात हेक्टरी सरासरी हजार टनांहून जास्त कार्बन आढळला. त्यातला बहुतेक झाडांत नसून मातीत होता, कारण प्राणवायूविना कुजणं फार मंदावतं. चिखल उकरला की तो साठा हवेत जाऊ लागतो.

भराव किंवा तोड दिसली तर काय करू?

जागेचा फोटो घ्या, मोबाइलवर ठिकाणाची नोंद चालू ठेवून. डंपरचा नंबर दिसेल असा एक घ्या. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा आणि जिल्हाधिकारी, तहसीलदार व कांदळवन कक्ष यांना लेखी द्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती आहे, तिलाही प्रत पाठवा. भराव टाकणाऱ्याशी एकट्याने वाद घालायला जाऊ नका. आणि तक्रारीत झाडांच्या संख्येबरोबर पाणी कुठून अडवलंय तेही लिहा. झाडं मोजण्यात महिने जातात. चरीतला भराव तेवढ्यात काढला तर जंगल वाचतं.

कांदळवन जवळून बघायला कुठे जाऊ?

ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे; फ्लेमिंगोंच्या मोसमात तिथून ठाणे खाडीत बोट निघते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून फेरी घडवतो. होडी वल्हवणाऱ्या आणि झाडं ओळखून सांगणाऱ्या त्याच, आणि ऐकण्यासारखं सांगतात. गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरलं की डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. नशीब असेल तर तिथे पाणमांजरं दिसतात.

निघण्याआधी भरतीची वेळ बघा. मुळं, निवट्या आणि खेकडे बघायचे तर ओहोटी लागलेली हवी. होडीने फाट्यांत आत शिरायचं तर भरती. पायात घट्ट बसणारे जुने बूट घाला, चपला चिखलात राहतात. श्वसनमुळांवर पाय देऊ नका.